कालव्याआधीची वाट

निघालो होतो ते चांदीच्या नाण्यांच्या आशेनं, उगाच खोटं कशाला बोलू! मी आणि आयव्हर फोवार्ग. दोघंही निवृत्त, आणि दोघांच्याही बायका या छंदाला विटलेल्या. धातुशोधक यंत्राची थाळी जमिनीलगत फिरवायची. खाली धातू असला की कानात आवाज येतो. पण फिरवायची कुठं, यातच खरी गंमत आहे. त्यासाठी आयव्हर जुने नकाशे उकरत बसतो. माणसं चालतात तिथं त्यांच्या खिशातलं काहीबाही पडतं. त्यामुळे आज पुसली गेलेली वाट नकाशावर सापडली, की निम्मं काम झालंच.

"हे बघ," गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरून तो म्हणाला. "कालवा खणण्याच्या आधीचा आहे. चर्चपासून सेचेलांच्या शेतातून तिरकी वाट, थेट त्यांच्या दारापर्यंत."

"याच शेतात दोन हिवाळे घालवले आपण. बाटल्यांच्या बुचांशिवाय काय मिळालं?"

"तेव्हा आपण कडेकडेनं घिरट्या घालत होतो, शहाण्या!"

परवानगी घ्यायला डॉर्कसबाईंकडे गेलो. डॉर्कस सेचेल म्हणजे सत्तरी उलटलेली, एकटी राहणारी, तोंडाची फटकळ बाई. पण नकाशावरच्या त्या रेघेवर तिनं बोट ठेवलं आणि ते घरापर्यंत फिरवत नेलं.

"आजोबांची वाट," ती हळूच म्हणाली. "बाबा नेहमी या वाटेनं यायचे. कुठून जाते ते मला कधी कळलंच नाही. मी लहान होते, तापानं फणफणले होते, बाबा गावात औषध आणायला गेले, ते परत आलेच नाहीत. लोकांनी रस्ता शोधला, कालवा शोधला. मग म्हणायला लागले, बाई ठेवली असेल, पळून गेला. आईनंही शेवटी तेच खरं मानलं."

तिनं नकाशा आमच्याकडे सरकवला.

"नाणी मिळाली तर तुमची. बाबा या वाटेवरच कुठं पडले असतील, तर मला त्यांचे बूट शोधून द्या. तळाला खिळे ठोकलेले होते. उजव्या टाचेला तीन जास्तीचे. त्या पायावर भार देऊन चालायचे ते."

आयव्हरनं माझ्याकडे पाहिलं. आमच्यात लोखंडाचा आवाज यंत्रात बंदच ठेवतात. शेतं गंजक्या खिळ्यांनी भरलेली असतात, ऐकत बसलं तर डोकं उठतं. म्हणजे ते दोन हिवाळे आम्ही ज्याच्यावरून फिरलो असू, ते आम्हाला ऐकूच आलं नसणार. मी बटण दाबलं आणि लोखंडाला कान उघडला.

दुपारीच धुकं उतरलं. ओल्या काळ्या मातीचा आणि कुजलेल्या बीटाच्या पाल्याचा वास. कालवा ओलांडून आम्ही नकाशातल्या रेघेवर चालू लागलो. शेताच्या मध्यावर कानात घरघर झाली. खणलं. नांगराचा फाळ पोचतो त्याच्याही खाली, कधी हललेली नाही अशा घट्ट मातीत, खिळे. बुटाच्या तळव्याच्या आकारात जसेच्या तसे. कातडं नाही, हाड नाही. उजवा पाय, आणि टाचेला तीन जास्तीचे.

"सापडला..." आयव्हर पुटपुटला. "आता डावा जवळच असेल."

डावा होता, एक पाऊल पुढे. त्याच्यापुढे पुन्हा उजवा. टाचेला पुन्हा तीन.

"एका माणसाला बूट किती असतात रे?" मी हसण्यावारी न्यायला गेलो, पण हसू काही फुटलं नाही.

खरं तर तिथूनच परतायचं. पण कुतूहल वाईट असतं बघ. खड्डे बुजवले, माती दाबून नीट बसवली आणि नुसतं ऐकत पुढे गेलो. घरघर. एक पाऊल. घरघर. धुक्यात घराचा दिवा दिसायला लागला. जमिनीखालची पावलं सरळ तिकडेच चालली होती.

डॉर्कसबाई दारात उभी होती. सगळं ऐकून घेतलं आणि नुसती बाजूला झाली. "आत या. थांबू नका."

स्वयंपाकघरात विटांची जुनी फरशी, मातीवरच बसवलेली. उंबऱ्याच्या आत आवाज आला. मग टेबलाखाली. मग कोपऱ्यातल्या कपाटापाशी, आणि तिथं दोन्ही पाय शेजारी शेजारी, भिंतीकडे तोंड करून. त्यापुढे काही नाही.

"तिथं..." तिनं कपाटावर हात ठेवला. "तिथं माझी खाट होती."

खुर्चीत बसली आणि ढसाढसा रडली ती. "आले होते गं आई... आले होते! अख्खा जन्म त्यांना शिव्या दिल्या आपण..."

आयव्हरनं चहाचं आधण ठेवलं. विटा उचलून बघायच्या का, असं मी विचारलं, तर तिनं मान हलवली. "राहू दे. झोपमोड कशाला त्यांची."

मी यंत्र तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर ठेवलं, हेडफोन काढून त्याची वायर यंत्रातून उपसली आणि हात पुसत चुलीपाशी गेलो. तेवढ्यात यंत्राची घरघर साऱ्या खोलीत ऐकू आली. एकदा. थोडं थांबून, पुन्हा एकदा.

आयव्हरच्या हातातली किटली तशीच राहिली. आमचं यंत्र स्थिर असलं की मुकं असतं. थाळी हलावी लागते, नाहीतर खालचं लोखंड. थाळीला कुणाचा हात लागलेला नव्हता.

आयव्हरनं आपलं यंत्र उचललं आणि कपाटापुढच्या विटांवरून फिरवलं. पुन्हा फिरवलं. तिथं आता काहीच वाजत नव्हतं.

डॉर्कसबाईनं डोळे पुसले. खुर्ची जराशी सरकवून शेजारी जागा केली आणि आम्हाला म्हणाली, "तुम्ही निघा आता. मला त्यांच्याशी बोलायचंय."