उजेडाला भुललेला आरसा

"अजिबात न हलणारा मासा मिळेल का?" दारातून कुणीतरी विचारलं.

"मिळेल की. मोनास्तीरच्या बाजारात, बर्फावर."

तो हसला… वजदी. आमच्या प्रयोगशाळेत मासे सांभाळायचे मी; माझ्या माशांच्या खोलीत आला तो असा. त्याला माशाचं जिवंत पिल्लू हवं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. मेंदूत खोल बघायचं, तर वरच्या मांसात उजेड विस्कटतो आणि सूक्ष्मदर्शकात सगळं धुरकट दिसतं. त्याचा लवचीक आरसा नेमका उलटा वाकून ते सावरायचा.

"किती वाकायचं, हे त्याला कसं कळतं?" काही दिवसांनी मी विचारलं.

"आधी मुद्दाम थोडं बिघडवतो. मग कुठे जास्त उजळतंय ते बघतो."

"म्हणजे तुझ्यासारखाच. तूही मला रोज मुद्दाम चिडवतोस."

"मग… उजळतेस ना?"

मी जाळी धुवायला वळले. कान तापले होते.

मार्चमध्ये त्या आरशातून माशाच्या मेंदूचा पहिला फोटो आला. फांद्यांसारख्या नसा, लखलखीत! आमचे प्राध्यापक मुन्सिफ, आम्ही त्यांना मानाने 'सी मुन्सिफ' म्हणायचो, त्यांनी मकरूदचा, पाकातल्या खजुराच्या मिठाईचा, डबा मागवला आणि भाषण ठोकलं. चष्मा पाकात पडला, तरी थांबले नाहीत. त्या फोटोवर वजदीला समुद्रापलीकडे, फ्रान्समधल्या मार्सेयला नोकरी लागली. येत्या शनिवारी त्याची बोट होती.

गुरुवारी दुपारी मी तो फोटो निवांत बघितला… आणि गार पडले. या नसा मी ओळखत होते. मेंदूतल्या नव्हेतच, कातडीतल्या, स्पर्शाच्या! आरशाला फक्त 'जास्त उजेड शोध' एवढंच सांगितलं होतं. तो बापडा खोलवरचा मेंदू सोडून उजळ कातडीवर येऊन बसला होता.

गप्प बसले, तर वजदी चुकीच्या फोटोवर जाणार आणि परक्या गावात त्याचं हसं होणार. बोलले, तर राहणार… आणि मला तर तेच हवं होतं! म्हणूनच जीभ उचलेना.

शेवटी बोलले. "वजदी, हा मेंदू नाही. कातडी आहे."

त्याने फोटो मोठा करून एकेक नस तपासली.

"मी जाऊ नये म्हणून म्हणतेस?"

"तू जाऊ नयेस असं वाटतं… फार वाटतं. पण तू कुठेच जाणार नसतास, तरी ही कातडीच असती."

त्याने फोन उचलला.

"सी मुन्सिफ, चूक झालीय… हो, माझीच. मार्सेयला मीच कळवतो… नाही हो, मकरूद कसे परत करणार? खाल्ले सगळ्यांनी."

त्याने फोन ठेवला. मी त्याचा हात धरला. त्याने सोडवून घेतला नाही.

"रबाब, मघाचं ते पुन्हा म्हण."

"कातडीचं?"

"नाही गं… त्यानंतरचं."

मी म्हटलं. या वेळी त्याच्या डोळ्यांत बघून.