रुमाल टाकलेली जागा

सगळी चूक त्या रुमालाची! बरं... थोडी माझी. पण आधी रुमालाची, आणि मग तोंडातून चकार शब्द न काढणाऱ्या त्या मुलाची.

फुलंब्रीच्या स्टँडवर पिशोरहून शहराकडं जाणारी एसटी थांबते न थांबते तोच मी खिडकीतून रुमाल आत टाकते. रुमाल पडला की जागा आपली, हा कायदा सगळ्या तालुक्याला पाठ आहे. त्या सोमवारी चेंगरत वर चढले, तर माझ्या जागेवर एक निळ्या शर्टाचा मुलगा खुशाल बसलेला. माझा रुमाल त्याच्या मुठीत!

"ओ, उठा! रुमाल दिसला नाय का? आईबापानं हेच शिकवलं का?"

अख्खी बस वळून पाहू लागली. तो काहीतरी बोलणार होता... बोलला नाही. उठला, रुमाल झटकून माझ्या हातात दिला आणि शहर येईपर्यंत दांडी धरून उभा राहिला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तासाभरानं शहरातल्या औरंगपुऱ्यात माझ्या इंग्रजीच्या क्लासला गेले, तर पहिल्या बाकावर तोच निळा शर्ट! सत्यम नाव त्याचं. क्लासचा पहिलाच दिवस.

आमच्या मोतीराम सरांचा रिवाज असा, की रोज फळ्यावर एक शब्द लिहायचा आणि प्रत्येकानं त्यावर स्वतःच्या आयुष्यातलं खरं वाक्य सांगायचं. त्या दिवशीचा शब्द होता 'अनकाइंडली'.

"म्हणजे निष्ठुरपणे," सर म्हणाले. "समोरच्याचं मन न राखता. काय बोललो ते नाही, कसं बोललो ते हा शब्द सांगतो."

सत्यम उभा राहिला. अडखळत म्हणाला, "अ गर्ल... स्पोक टु मी... अनकाइंडली. टुडे. इन द बस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ताडकन उठले. "सर, ती मुलगी मी! दीपमालाच! पण जागा माझी होती!"

"तुमचीच व्हती," तो हळूच म्हणाला. "दोन महिने झाले, कामाला जाताना रोज बघतो ना तुम्हाला रुमाल टाकताना... आज एका फेटेवाल्यानं तो खाली लोटला. तो बसंल म्हणून माझी जागा सोडून मी बसलो. तुमच्यासाठी."

"मग सांगायचं ना! तोंडाला कुलूप व्हतं का?"

"बोलू दिलं का तुम्ही? अन् आईचं काढलं. ती नाय आता... मंग शब्दच फुटंना."

मी खाली बसले. राग मात्र जाईना. आता तो माझाच मला येत होता, आणि तो तर जास्तच छळतो! क्लास सुटताना सत्यम सरांना म्हणाला, "उद्यापासून येत नाय, सर. गाडी पण बदलतो."

एवढ्याशा रुमालापायी? वा रे वा! असा कसा जाईल?

संध्याकाळी बसस्थानकावर पिशोरची गाडी लागली. मी खिडकीतून रुमाल टाकला, शेजारच्या जागेवर ओढणी टाकली. वर चढले, तर एक बाई ओढणी उचलतच होत्या.

"ऱ्हाऊ द्या ती! माणूस येतंय माझं!" मी ओरडले.

मागून चढणारा सत्यम जागीच थबकला. "कोण माणूस?"

"अजून कोण? तुम्हीच! बसा की!"

तो बसला... अंग चोरून. शहराच्या कडेचं हर्सूल मागं पडलं. खिडकीतल्या वाऱ्यानं माझे केस त्याच्या खांद्यावर जात होते आणि मी सारखी ते ओढून घेत होते. शेवटी मीच बोलले, तेही रागानंच.

"आईबापाचं काढलं ते चुकलं माझं. लई चुकलं. पण क्लास सोडला तर याद राखा!"

"हे बी अनकाइंडलीच झालं की," तो म्हणाला आणि हसला. गालाला खळी पडते त्याच्या. हे कुणी आधी सांगायला नको?

फुलंब्री जवळ आली. मी उठले, ओढणी सावरली. "उद्या सकाळी... रुमाल टाकू का नको?"

"नका टाकू. पिशोरपासून जागा धरून आणतो." त्यानं पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. "कुणी विचारलं तर सांगतो... माणूस येतंय माझं."