मनगटाचं माप

"त्याच्या तोंडाकडे नको पाहत जाऊ वं मेघा. तोंडानं तं तो हासतेच. मनगटाकडे पाहत जा. घड्याळ सैल झालं का मले फोन कर."

आमच्या लग्नाआधी प्रशिकच्या आईनं, इंदूबाईंनी, मेथी निवडता निवडता मला हे सांगितलं होतं. मी हसले. "आई, सैल झालं तर दुकानात नेऊन घट्ट करून आणीन की!" त्या हसल्या नाहीत. मी मनात म्हटलं, मला काय मनगट शिकवता... माझं प्रेम तर मनगटापासूनच सुरू झालंय.

मे महिन्यातली दुपार होती. इतवारी बाजारात भैय्याजींच्या घड्याळाच्या दुकानात मी घामेजून उभी होते. ताईचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तोंडावर आलं होतं. आमच्याकडे त्या दिवशी मुलीकडचे नवरदेवाला घड्याळ घालतात, आणि ते निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. होणाऱ्या भाऊजींचा मी फक्त फोटो पाहिलेला.

"भैय्याजी, साक्षगंधात नवरदेवाला घालायचंय, पण डबीत सगळीच छान दिसतात हो. हातात कसं दिसेल?"

"मग हात आणा ना ताई."

हात कुठून आणू? बाजूला एक मुलगा वाळ्याच्या कूलरसमोर उभा होता. घड्याळाचा सेल बदलायला दिलेला, म्हणून मनगट मोकळं. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"ऐका ना... तुमचा हात देता का जरा?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग भैय्याजींकडे. "एवढ्या लवकर?"

माझे कान तापले. "घड्याळासाठी!"

"हो, मी तेच म्हणून राहिलो ना. दुसरं काय?"

आणि दिला हात. कूलरचे बारीक तुषार त्याच्या मनगटावर बसले होते. मी ओढणीनं पुसले... आणि मग आपण काय केलं ते कळून घाईघाईनं पहिलं घड्याळ चढवलं. मोठ्ठी काळी डायल.

"हे घातलं तं नवरदेव धावायच्या शर्यतीले आला वाटते."

"मग हे चौकोनी?"

"हे ऑफिसचं. साक्षगंधात हजेरी लावून जाईल तो."

तिसरं चंदेरी, पातळ डायलचं, स्टीलच्या साखळीचं. ते चढवल्यावर मात्र तो मनगट उजेडाकडे वळवून बघत राहिला. मग हळूच, "कोणासाठी घेऊन राहिल्या?"

"ताईच्या नवऱ्यासाठी. होणाऱ्या."

"ताईच्या!" असा काही हसला, की भैय्याजींनीसुद्धा मान वर केली.

त्या हसण्यातच घोळ झाला. "साखळी कमी करू का?" भैय्याजींनी विचारलं, आणि मी समोरच्या मनगटाकडे बघत "हो, करा" म्हणून मोकळी झाले.

साक्षगंधाच्या दिवशी घड्याळ भाऊजींच्या हातात जाईचना! ते आखाड्यात जाणारे, मनगट हे एवढं जाड. "लहान पोराचं आणलं काहून?" कुणीतरी मागून टोमणा मारला. मी कोपऱ्यात जाऊन रडवेल्या आवाजात भैय्याजींना फोन लावला.

"काढलेल्या कड्या त्या पोराच्या पुडीत गेल्या ताई. त्याचा आत्ताच फोन आलता. कुठं पाठवू त्याले?"

तो आला. घामानं निथळत, दुकानातला चिमुकला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. हॉलच्या पायरीवर बसून त्यानं कड्या जोडल्या. मी पदरानं वारा घालत होते... त्याला, की स्वतःला, देव जाणे.

"माझ्या मापाचं करून बसल्या तुम्ही," तो मान खाली घालूनच म्हणाला, "आता मले काही नाही?"

"तुम्हाला... वेगळं घेऊ."

"कधी?"

"आधी हे तर बसू द्या!"

आमच्या साक्षगंधाला मी त्याला तसंच चंदेरी घड्याळ घातलं. साखळी अगदी बरोबर बसली.

लग्नानंतर रोज सकाळी तो डोळे मिटून हात पुढे करायचा. "आज कोणतं?" मिहानच्या ऑफिसला चंदेरी. कुणाच्या लग्नाला तपकिरी पट्ट्याचं, बुटांशी जुळणारं. रविवारी फुटाळा तलावावर धावायला रबरी. मी उगाच वेळ लावायची. त्याचा हात हातात राहायचा ना तेवढा.

मग आमची मुलगी झाली आणि माझी नजर तिच्यावरच खिळली. ती दूध प्यायली का, अंग गरम आहे का, झोपेत श्वास नीट चालू आहे ना... चंदेरी घड्याळ त्याच्या हातावर घसरायला लागलं तेव्हा मी ते इतवारीत नेऊन एक कडी काढून आणली. काही महिन्यांनी आणखी एक.

"पोरगा जेवते का नाही?" भैय्याजींनी विचारलं.

"डाएट करून राहिलो," प्रशिक घरी हसून म्हणाला. आणि हसला म्हणून मी विश्वास ठेवला.

एका सकाळी त्यानं हात पुढे केलाच नाही.

"आज कोणतं?" मीच विचारलं.

"कोणतंही. काय फरक पडते, मेघा."

तेव्हा मी आईंना फोन केला. त्या कळमेश्वरहून मिळेल त्या बसनं आल्या आणि चपला काढायच्या आधी त्यांनी त्याचं मनगट धरलं. "कॉलेजात होता तेव्हाही असंच झालं होतं वं. घड्याळाचा पट्टा ढिला होते म्हणे, तं मी सुईनं नवीन भोक पाडून देल्लं... पोराले विचारलंच नाही." त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मी त्यांच्या शेजारी.

आता तो दवाखान्यात आहे. मनाच्या आजाराचा वॉर्ड. घड्याळ आत चालत नाही म्हणून सिस्टरनं माझ्या हातात ठेवलं. मी घालते ते. कोपरापर्यंत घसरतं. मुलगी त्या घड्याळाशी खेळते आणि "बाबा, बाबा" म्हणत दाराकडे बघते.

काल भेटीच्या वेळी मी तिन्ही घड्याळं पर्समध्ये नेली होती. त्याच्या पलंगावर मांडली. सिस्टरनं पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"आज कोणतं?"

त्याचा हात चादरीखालीच राहिला. म्हणाला, "घेऊन जा. सकाळ झाली हे मले कळायलाच नको वाटते."

"मी उद्या पुन्हा विचारणार," एवढंच म्हणाले. घड्याळं पर्समध्ये परत भरली.

काढलेल्या कड्या मुलीच्या काजळाच्या डबीत ठेवल्यात. परत जोडायची वेळ येईल का, मला माहीत नाही. डॉक्टर म्हणतात वेळ लागेल... किती, ते तेही सांगत नाहीत.

तुमच्या ओळखीतही कुणीतरी असेल. सगळ्यांना हसवणारं, आणि हल्ली घड्याळ सैल झालेलं. वाचताना एक नाव आलं ना मनात? त्याचं घड्याळ घट्ट करून आणू नका. त्याला फोन लावा. "मी बरा आहे" म्हणून हसला, तर फोनवर थांबू नका. त्याच्याकडे जा, आणि त्याचा हात हातात घेऊन बघा.