साहेबांच्या केबिनमधली वायर

"संध्याकाळपर्यंत पुरावा द्या, बाई. मग त्या पोरीला पोलिसांत देतो!" दिघे साहेबांनी मूठ आपटली, तशी फुलदाणी हलली. तिच्याशिवाय फोन आणि घंटी, बाकी टेबलावर काही नव्हतं. भिंतीतला एसी घरघरत होता.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतलं हे ऑफिस. कारखान्यांची पगारपत्रकं इथल्या कॉम्प्युटरवर निघत. दसऱ्यानंतर मशीन रखडू लागलं, कामगारांचे पगार अडकले आणि श्यामकांत दिघ्यांनी सगळ्यांदेखत प्रोग्रामर कुंदाला घातकी ठरवलं. पार्ल्याच्या खाजगी गुप्तहेर रत्नप्रभा सबनीस यांना त्यांनीच बोलावलं होतं.

बाईंचा मदतनीस दत्ताराम आतून धुमसत होता. तो कामाला होता ती गिरणी बंद पडली तेव्हा असाच एक साहेब मूठ आपटत होता.

"तिच्यावरच संशय का?" बाईंनी विचारलं.

"मी केबिनमध्ये आलो की मशीन झोपतं, बाहेर गेलो की पळतं. मला तोंडघशी पाडायचंय तिला!"

कुंदा मशीनच्या खोलीत होती. डोळे लाल, पण आवाज खणखणीत.

"मी माझंच काम कशाला बुडवीन? हे बघा. माझा प्रोग्राम बंद, बाकीचेही बंद. तरी प्रोसेसर नव्वद टक्के गुंतलाय!"

"काम नसताना कशात गुंततो?"

"टर्मिनल म्हणजे मशीनला वायरीने जोडलेला पडदा आणि कळफलक. तिथे कुणी कळ दाबली की हातातलं टाकून प्रोसेसरला आधी तिकडे बघावं लागतं. इंटरप्ट म्हणतात त्याला. पण हॉलमधल्या तिन्ही टर्मिनलांवर आत्ता कुणी नाही."

"आणि साहेबांचं?"

"ते केबिनमध्ये. तिथे पाय ठेवायची आम्हाला बंदी आहे."

बाईंनी शिपाई कुंडलिकला गाठलं. तो आधीच वैतागलेला होता.

"साहेब आले की एसी चालू, गेले की बंद. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. चोवीस तास हुकूम!"

"दसऱ्याला काय केलंस रे?"

"यंत्रपूजा. चारही टर्मिनलं हॉलमध्ये मांडली, झेंडू वाहिला. तीन परत जोडली. साहेब म्हणाले, माझं कपाटात टाक, फुलदाणी ठेव."

"आणि त्याची वायर?"

"एसीच्या वायरीला गुंडाळली. दिसायला बरी."

"म्हणजे चोर कुंडलिक?" दत्ताराम कुजबुजला.

"चोर कुणीच नाही," बाई म्हणाल्या. "चला."

केबिनमध्ये साहेबांसमोर बाईंनी टेबलावरची घंटी दाबली. कुंडलिक धावत आला.

"काही नाही, जा."

पुन्हा घंटी. पुन्हा कुंडलिक. तिसऱ्यांदा तो फणकारला, "ओ बाई, डोकं फिरलंय का?"

"दमलास ना? काम किती झालं?"

"कसलं काम! नुसती धावपळ!"

"तुमचा प्रोसेसर असाच दमलाय, साहेब. एसीजवळची ही वायर मशीनला अजून जोडलेली आहे, पण हिच्या ह्या टोकाला टर्मिनल नाही. त्यात ती एसीच्या वायरीला चिकटलीय. एसी चालू झाला की त्यातली खरखर हिच्यात उतरते. मशीनला वाटतं, कुणीतरी कळा दाबतंय. हातातलं टाकून ते धावतं, बघतं तर कुणी नाही. तुम्ही बाहेर जाताना एसी बंद करता, म्हणून मशीन पळतं. कुंदा! केबिनची वायर मशीनच्या मागून उपट!"

मशीनच्या खोलीतून कुंदा ओरडली, "प्रोसेसर मोकळा झाला, बाई! प्रोग्राम लावला, पगारपत्रकं निघतायत!"

साहेबांनी टाय सैल केला. कुंदा दारात येऊन उभी राहिली.

"असो. झालं गेलं विसर, पोरी. कामाला लाग."

"विसरू? सगळ्यांसमोर घातकी म्हणालात. आई चार दिवस जेवली नाही माझी! सगळ्यांसमोरच माफी मागा, नाहीतर तुमचं मशीन तुम्हीच चालवा."

"आवाज खाली! तुझी लायकी..."

दत्तारामचा बांध फुटला. त्याने केबिनचं दार धाडकन उघडून हॉलमध्ये आरोळी ठोकली, "या रे सगळे! साहेब माफी मागतायत!"

माणसं दाराशी गोळा झाली. साहेबांनी बसल्या जागेवरून तोंड उघडलं.

"उभे राहून," कुंदा म्हणाली.

साहेब उठले.