दुसऱ्या कानाची तार

"पुडीत एकच तार आहे!"

ओटीवरून तुकाराम सोनार ओरडला आणि वेणूच्या कुशीतलं बाळ दचकलं. तिनं त्याच्या टाळूवर अलगद हात ठेवला. आज बारावा दिवस. बाळाचे कान टोचायला सोनारानं परवाच केसासारख्या बारीक सोन्याच्या दोन तारा आणून दिल्या होत्या.

बाहेर जावं तर बाळंतिणीनं उंबरठा ओलांडायचा नव्हता. खिडकी बंद. शेगडीवर ओव्याची धुरी. समुद्रकाठच्या थळ गावातल्या त्या घरातलं जग वेणूला कानांनीच कळायचं.

फळ्यांच्या भिंतीपलीकडे धाकट्या दिराची, दत्तात्रेयाची खोली. त्यानं तिथं घरच्या घरी रेडिओ जमवला होता. चकाकत्या खड्यावर बारीक तांब्याची तार टेकवली की मुंबईचं गाणं यायचं. कानाला लावून ऐकायची डबी पितळी वाटीत ठेवली की ते वेणूलाही पुसट ऐकू यायचं. पण खाऱ्या हवेनं तार काळी पडायची, गाणं तुटायचं, मग खरवडणं. "सोन्याची तार हवी!" दत्तात्रेय चिडायचा. "भुताटकी!" सासरे गरजायचे.

तो परीक्षेसाठी मुंबईला गेला, तरी दुपारचं गाणं येतच होतं. काल तर बाळ दुपारभर एकदाही न दचकता झोपलं होतं.

"सखूबाईशिवाय आत जातं कोण?" सासऱ्यांचा आवाज चढला. गावचे पाटील ओटीवर येऊन बसलेच होते.

बाळाला तेल लावणारी सखूबाई दाराशी रडत होती. "मी न्हाय गो घेतली, बये! चोर म्हटल्यावर कोन माज्या हाती प्वार देल?"

वेणूनं दार किलकिलं केलं. सासऱ्यांविरुद्ध बोलून ती जाणार कुठे होती? तरी तिनं विचारलं,

"सोनारबुवा, पुडी कुणाला दिलीत?"

"तुमच्या सासऱ्यांना. दोन्ही तारा दाखवून."

"सखूबाई, तुला कशी मिळाली?"

"त्यांनी वरून पदरात टाकली. मला शिवत न्हायत ना! तशीच कोनाड्यात ठेवली."

"उघडलीस?"

"उघडून काय करू? सोनं चाखू?"

पाटील हसले. "वहिनी, आतून वकिली करताय होय?"

"चोर एक तार मागे कशाला ठेवील, पाटील?"

पाटलांनी सासऱ्यांकडे पाहिलं. वेणू पुढे बोलली,

"ज्याला एकच पुरत होती त्यानं ती काढली. पलीकडे तार खरवडली की बाळ दचकतं. काल दचकलं नाही, कारण गाणं तुटलंच नाही. खडा तोच, हवा तीच. तार बदलली. सोनं काळं पडत नाही. भावोजी मुंबईला, सखूबाई दुपारी आपल्या घरी. दुपारी घरात उरतो आपण दोघंच. मग गाणं लावतं कोण, मामंजी?"

ओटीवरून पावलं निघाली. मग पलीकडची कडी वाजली. सासरे चिमटीत तार घेऊन आले.

"माझ्याकडेच राहून गेली होती," ते पुटपुटले.

वेणूनं तार घ्यायला हात पुढे केला नाही. "राहिली नव्हती, मामंजी. काढली होती. सखूबाईसमोर म्हणा."

त्यांनी खाली बघत तसं म्हटलं.

सखूबाईनं डोळे पुसले. "बाळाला तेल मी लावीन. पन या घरचं पानी न्हाय प्यायची."

बाळाचे दोन्ही कान टोचले. ते कळवळून रडलं, मग वेणूच्या छातीशी निजलं.

दुपारी पलीकडे खरवडणं सुरू झालं. बाळ दचकलं. वेणूनं दोन्ही तळहातांनी त्याचे दुखरे कान हलकेच झाकले.