उत्तर देऊ नये

सामान भरायला रिकामा खोका मागायला ती तळघरात उतरली आणि तिथेच तिच्या आयुष्याला वळण मिळालं, असं तिची आत्या पुढे सगळ्यांना रंगवून सांगायची. खरं तर त्या दिवशी तिला खोकासुद्धा धड मिळाला नाही.

दुपारची वेळ होती आणि बाहेर रिपरिप चालली होती. इस्पितळाच्या चौथ्या मजल्यावरचं तिचं टेबल महिनाअखेरीला उठणार होतं. सगळे तिला पत्रवाली म्हणत. इस्पितळात कोणी दगावलं, की सहा आठवड्यांनी त्यांच्या घरी मेलवर सांत्वनाचं एक पत्र पाठवायचं, एवढंच तिचं काम. दुसरी कोणी असती तर एक छापील मजकूर करून नाव तेवढं बदलत बसली असती. ही वॉर्डात जाऊन मोठ्या सिस्टरच्या मागे लागायची. शेवटच्या दिवसांत काय बोलत होते? कशाला हसायचे? मग त्यातली एकच खरी गोष्ट पत्रात घालायची. कधीकधी एका पत्राला अख्खा दिवस जाई. आत्या म्हणे, "तुझ्यासाठी नवरा शोधायचा तर शोकसभेतच जावं लागेल बाई."

पूर्वी या पत्रांना उत्तरं येत. लोक भरभरून लिहीत. पण गेल्या आठ महिन्यांत एक ओळ आली नव्हती. अधीक्षक बाईंनी शेवटी मायेनेच सांगितलं होतं, "लोकांना नको असतात गं ही पत्रं. खपली कशाला काढायची?" आणि तिलाही ते पटत चाललं होतं. आपलेच शब्द आटले असणार, दुसरं काय!

जिना उतरताना वाटेत भेटलेल्या फाटकावरच्या रखवालदाराने तिच्या हातात एक पाकीट दिलं होतं. कागदी, टपालाचं. तळघरात इस्पितळाचे सर्व्हर सांभाळणारा माणूस माळ्यावरून खोका काढेपर्यंत तिने ते उघडलं आणि उभ्याउभ्या वाचलं. एका म्हाताऱ्या बाईंचं थरथरतं अक्षर होतं.

'तुमच्या पत्राखाली लिहिलं होतं, की हा संदेश आपोआप पाठवण्यात आला आहे, कृपया याला उत्तर देऊ नये. म्हणून तीन महिने गप्प बसले. पण एक गोष्ट मनातून जात नाही. हे चष्मा उशाखाली ठेवायचे आणि सकाळी सगळ्या वॉर्डाला शोधायला लावायचे, हे यंत्राला कसं कळलं? तिथे कोणी माणूस आहे का? असेल तर त्याने दोन ओळी लिहाव्या.'

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"अहो… रडू नका," खोका हातात धरून तो गांगरून म्हणाला. मग म्हणाला, "म्हणजे रडा. पण बसून रडा."

त्याने खुर्ची पुढे केली. तिशीतला, किडकिडीत, भर दुपारी अंगात स्वेटर. यंत्रांसाठी ती खोली सदा गार ठेवावी लागे. तिने पत्र त्याच्यापुढे धरलं. त्याने वाचलं. वाचता वाचता खोका त्याने खाली ठेवला, आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"उत्तर देऊ नका, असलं काही मी लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे प्रत आहे. हवं तर दाखवते!"

"तुमच्या प्रतीत नसणारच," तो हळू म्हणाला. "तुम्ही पत्र पाठवता ना, ते बाहेर पडायच्या आधी इथून जातं. या सर्व्हरवर एक प्रोग्राम आहे. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलच्या तळाशी तो या दोन ओळी जोडतो. फूटर म्हणतात त्याला. पाठवणाऱ्याला तो कधीच दिसत नाही… ज्याला पोचतो त्यालाच दिसतो."

"कोणी लिहिला हा प्रोग्राम?"

वरून हुकूम आला होता, असं सांगून त्याला सुटता आलं असतं. ते खोटंही नव्हतं.

"मी," तो म्हणाला. "अपॉइंटमेंटची आठवण करून देणाऱ्या मेलसाठी होता. कोणाकोणाला वगळायचं त्याची यादी आली होती. दोन पानांची. मी… पहिलंच पान पाहिलं."

वर छताजवळच्या बुटक्या खिडकीतून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे ओले पाय दिसत होते.

"म्हणजे आठ महिने मी एकेका माणसापुढे हात करत होते," ती म्हणाली, "आणि तुम्ही मागून दार लावून घेत होतात."

ती उठली आणि जिना चढून गेली. खोका तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चौथ्या मजल्यावर, तिच्या दारात उभा. रात्री डोळ्याला डोळा लागला नसावा.

"तुमची पत्रं वगळली. पाच मिनिटांचं काम होतं."

"पाच मिनिटं!" ती कडवट हसली. पाच मिनिटांपायी तिचं टेबल चाललं होतं, आणि कितीतरी घरं अशी समजूत करून बसली होती, की आपल्या माणसाच्या मरणावर एका यंत्राने चार शब्द बोलून दाखवले.

"एकशे एकेचाळीस घरं आहेत," तो म्हणाला. तिच्या मनातला प्रश्न त्याने ओळखला असावा. "आमच्याकडे नोंद राहते. तुम्ही म्हणाल तर आज सगळ्यांना एकदम माफीचा मेल…"

"आपोआप?"

त्याने मान खाली घातली.

"हाताने लिहायचं," ती म्हणाली. "कागदावर. पत्ते दप्तरात आहेत. मी माझं लिहीन, चूक तुम्ही तुमच्या अक्षरात लिहा. कागदाला कसं शेपूट लावता तेच बघते!"

पहिलं पत्र त्या म्हाताऱ्या बाईंना गेलं. तिने लिहिलं, 'हो आजी, इथे माणूस आहे.' त्याखाली त्याने लिहिलं, 'उत्तर देऊ नये, ही ओळ माझ्या चुकीने आली. पत्र बाईंनी स्वतः लिहिलं होतं. आपल्याला लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा.' वाचून ती कपाळाला हात लावून बसली.

"काय झालं?"

"हे अक्षर आहे की मुंग्यांची वरात? इथले डॉक्टरसुद्धा लाजतील."

"पाचवीनंतर थेट आजच पेन धरलं," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडते, हे तिला दिसलं. आपल्याला ते दिसावं, याचा तिला रागही आला.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत तो वर येऊ लागला. टेबलाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो, मधे पाकिटांची चळत. राग धरून बसायचा तिचा पक्का बेत होता. पण एकाच डब्यात भाजी मिसळून खाणाऱ्या माणसावर किती दिवस रागावणार? तिने लिहिलेलं जुनं पत्र तो आधी शांतपणे वाचायचा, मगच आपली ओळ लिहायचा. एकदा वाचता वाचता थांबून म्हणाला, "ही मुलगी भूल द्यायच्या आधी डॉक्टरांना कोडं घालायची… तुम्ही हे सगळं लक्षात ठेवता?"

"नावं नाही राहत. ह्या गोष्टी राहतात."

"सगळ्यांच्या?" त्याने खाली बघतच विचारलं.

"सगळ्यांच्या. का?"

"काही नाही. सहज."

असं त्याचं नेहमीचं. काही बोलायला जायचा आणि गप्प व्हायचा. एके दिवशी ती वैतागून म्हणाली, "तुमच्या तोंडावरसुद्धा तीच ओळ लिहिली आहे. कृपया उत्तर देऊ नये. माणसाने तुमच्याशी बोलायचं तरी कसं?"

"मी बोलतो की. तुमच्या चपलांशी रोज बोलतो."

"काय?"

त्याचे कान लाल झाले. "माझ्या खिडकीतून फक्त पाय दिसतात. निळ्या पट्ट्याच्या चपला पावणेनऊला येतात. डाव्या पायाची बकल तुटलीय. झाडाखाली मिनिटभर थांबतात… मग आत येतात. कधीपासून बघतोय."

त्या झाडाखाली ती मिनिटभर थांबायची, कारण आज कोणाबद्दल लिहायचं आहे ते मनाशी म्हणून घ्यायची. हे आत्यालाही ठाऊक नव्हतं. त्या दुपारी तिने तीन पाकिटांवर चुकीचा पत्ता घातला. मोठ्या सिस्टर दारातून डोकावून म्हणाल्या, "चालू द्या, चालू द्या. सांत्वनच चाललंय ना?" आणि दोघांनी एकदम खाली मान घातली.

उत्तरं यायला लागली. आधी एक, मग चार, मग रखवालदार पिशवी भरून आणू लागला. कोणी दोन ओळी लिहिल्या होत्या, कोणी सहा पानं. एका बापाने नुसतंच लिहिलं होतं, 'बरं वाटलं.' तीन शब्दही न झालेलं ते पत्र तिने दिवसभर ओढणीच्या टोकात बांधल्यासारखं जपलं. महिना संपायला दोन दिवस असताना तिने ती पिशवी अधीक्षक बाईंच्या टेबलावर नेऊन रिकामी केली. बाईंनी चष्मा लावला, एक पत्र वाचलं, दुसरं वाचलं. तिसऱ्याला चष्मा काढून पुसला. "टेबल राहू दे तुझं," त्या म्हणाल्या. "आणि मला आता जरा एकटीला बसू दे."

ती धावतच परत आली. त्याला सांगायचं होतं. पण तो नव्हता. यादी टेबलावर होती, एकशे एकेचाळिसाव्या ओळीपर्यंत खुणा झालेल्या. म्हणजे आता जेवणाच्या सुट्टीत वर यायला त्याला काही कारण उरलं नव्हतं. तिने यादी उचलली.

यादीखाली एक पाकीट होतं. त्यावर मुंग्यांची वरात. तिच्याच नावाने.

'तुमचं पत्र मिळालं. दोन वर्षांपूर्वी. तेव्हा हा प्रोग्राम नव्हता, पत्राखाली कसलीही ओळ नव्हती, तरी मी उत्तर दिलं नाही.

तुम्ही लिहिलं होतं, की माझी आई शेजारच्या खाटेवरच्या बाईंचे केस रोज सकाळी विंचरून द्यायची. मला हे माहीत नव्हतं. मी याच इमारतीत काम करायचो, रोज अर्धा तास तिच्यापाशी बसायचो, तोही मोबाइलवर सर्व्हर बघत. तिचा शेवटचा महिना कसा गेला ते मला तुमच्याकडून कळलं. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे होते. रोज खिडकीतून तुम्हाला येताना बघायचो आणि उद्या सांगू म्हणायचो. ज्याला स्वतःला उत्तर देता येत नाही, त्याने दुसऱ्यांची उत्तरं बंद केली. त्या दुपारी हे सगळं तोंडाशी आलं होतं. पण तेव्हा सांगितलं असतं तर ते नुसतं माफी मिळवण्यासाठी सांगितल्यासारखं झालं असतं. आज ते तेवढंच नाही.

तुम्ही मला आवडता. कृपया याला उत्तर द्यावे.'

केस विंचरून देणारी. तिला आठवलं, अगदी लख्ख. मोठ्या सिस्टरनी सांगितलं होतं, शेजारच्या बाईंचा हात मोडला होता आणि ही स्वतः धापा टाकत त्यांची वेणी घालून द्यायची. ते पत्र लिहिताना तिला वाटलं होतं, हिच्या मुलाला एकदा बघायला हवं.

तिने पाकीट उराशी धरलं आणि जिना उतरली. पण तळघरात नाही, बाहेर. भुरभुर पाऊस होता. झाडाखाली ती रोजच्यासारखी मिनिटभर थांबली. मग त्या बुटक्या खिडकीपाशी गेली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गुडघे टेकून, वाकून तिने आत पाहिलं.

आत तो उभाच होता, मान वर करून.

"बकल नवी लावलीत," तो म्हणाला.

"तू सांगितल्यावर लावली," ती म्हणाली. 'तू' कधी तोंडातून गेलं ते तिला कळलंही नाही. त्याला मात्र कळलं. त्याने खिडकीची कड घट्ट धरली.

"मग… उत्तर?"

"दोन वर्षं तू घेतलीस. मला दोन मिनिटं तरी देशील की नाही?"

"घे," तो म्हणाला.

तिने पुरती दोन मिनिटंही घेतली नाहीत.