सावलीतली स्पीड गन

"अगं, अजून जोर लाव!" मॅनेजरकाका खुर्चीतूनच ओरडले.

भिंगरीने दातओठ खाऊन चेंडू फेकला. तो लंबूच्या ग्लोव्हमध्ये असा आदळला, की लंबूचा हात कोपरापर्यंत झिणझिणला. काकांनी मात्र चेंडूचा वेग मोजणाऱ्या स्पीड गनच्या पडद्याकडे पाहून तोंड वाकडं केलं. वेग कालच्यापेक्षाही कमी होता.

सुट्टीतल्या बेसबॉल शिबिराचा हा दुसरा आठवडा. भिंगरी पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी, आणि तिचा मावसभाऊ लंबू कॅचर, म्हणजे तो झेलणारा. पहिल्या आठवड्यात कोचसर स्वतः सगळ्यांचे वेग मोजत होते. आता ते पलीकडच्या मैदानावर बॅटिंग शिकवण्यात गुंतले होते, म्हणून मोजमापाचं काम मॅनेजरकाकांकडे आलं होतं. आंतरशालेय स्पर्धेचा संघ याच आकड्यांवरून निवडला जाणार होता, आणि निवड उद्यावर आली होती.

घरी जाताना भिंगरी सारखा खांदा चोळत होती. लंबूने खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिने कबूल केलं की आकडा वाढावा म्हणून ती सगळी ताकद लावतेय आणि आता तिचा खांदा ठणकतोय. आईला किंवा सरांना सांगितलं तर खेळणंच बंद होईल, या भीतीने ती बोलली नव्हती.

"पण तुझा चेंडू हळू झालेलाच नाही. माझ्या हाताला विचार," लंबू म्हणाला.

त्यांच्यासोबत रोज सराव बघायला येणारा शेजारचा शंकासूर होता. दिसेल त्या गोष्टीवर शंका काढायची सवय असल्यामुळे सगळी गल्ली त्याला याच नावाने ओळखायची. त्याने लगेच विचारलं, बाकीच्यांचं काय? तिघांनी आठवून पाहिलं, तर सकाळच्या तुकडीतल्या सगळ्याच पिचरांचे आकडे उतरले होते. संध्याकाळच्या तुकडीत मात्र सगळं झकास चाललं होतं. एकाच वेळी सगळ्या सकाळवाल्यांचे हात कसे ढिले पडतील?

तिघे संध्याकाळी पुन्हा मैदानावर गेले आणि कुंपणाशी उभे राहिले. मॅनेजरकाका कॅचरमागच्या जाळीआड आरामात बसले होते. मागच्या इमारतीची सावली तिथपर्यंत आली होती. शंकासूर हळूच हसला. सकाळी त्याच जागी कडक ऊन असायचं, म्हणून काका स्पीड गनचा स्टँड उचलून पार बाजूच्या झाडाखाली नेत असत.

या जागाबदलामुळेच आकडे उतरतात, हे लंबू तेव्हाच काकांना सांगायला निघाला होता, पण शंकासुराने त्याची कॉलर धरली. लहान तोंडी मोठा घास कोण खपवून घेणार? आधी त्यांना डोळ्यांनी पाहू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शंकासूर घरची सगळ्यात मोठी छत्री घेऊन हजर झाला. काकांना तो अगदी आदबीने म्हणाला, की इतक्या लांबून त्यांना खेळ नीट दिसत नसेल. ते जाळीमागे बसले तर आपण छत्री धरून उभे राहू. काका खूश झाले. किती गुणाची पोरं म्हणत त्यांनी खुर्ची आणि स्टँड दोन्ही हलवलं.

भिंगरीला दोघांनी बजावलं होतं, की आज जोर लावायचा नाही, नेहमीसारखं सहज टाकायचं. तिने तसंच टाकलं. काकांनी पडदा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. पुढच्या मुलाचा वेग वाढला, त्याच्या पुढच्याचाही. "आज काय खाऊन आलात रे सगळे?" काका पुटपुटले.

तोवर लंबू कोचसरांना बोलावून आला होता. सगळं ऐकल्यावर सरांनी स्वतः चेंडू हातात घेतला. काकांनी आधी जाळीमागून आणि मग झाडाखालून त्यांचा वेग मोजला. झाडाखाली सरसुद्धा एकदम मंद निघाले.

मग सरांनी समजावलं. चेंडू स्पीड गनच्या दिशेने किती वेगाने येतो, तेवढंच तिला कळतं. चेंडू तिच्याकडे सरळ न येता तिरका गेला, की आकडा कमी भरतो. काकांचा चेहरा उतरला. मुलांनो, माझ्या आळसापायी तुमचं नुकसान होणार होतं, असं ते सरळ म्हणाले.

तेवढ्यात लंबूने भिंगरीला कोपराने ढोसलं. भिंगरीने एक मोठा श्वास घेतला आणि खांद्याचं सांगून टाकलं. सरांनी तिला बाकावर बसवून हात हलवून पाहिला. डॉक्टरांना दाखवायचं आणि ते सांगतील तितके दिवस पूर्ण विश्रांती घ्यायची, असं त्यांनी ठरवून टाकलं. भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं. संघातली जागा गेली, असं तिने गृहीतच धरलं होतं.

"अगं, आकडे तुम्हाला घडवण्यासाठी घ्यायचे असतात, पिळून काढण्यासाठी नाही," सर म्हणाले. "चूक आमची होती. तुम्ही ती शोधलीत, म्हणून तुझा हात वाचला. मी तुमचा आभारी आहे."

निवड पुढे ढकलली गेली. सकाळच्या तुकडीचे वेग सरांनी नव्याने मोजले, आणि सोबत प्रत्येकाचा नेमही पाहिला. भिंगरीचा खांदा साधा आखडला होता. आठवडाभराने डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली. वेगात ती पहिली आली नाही, पण नेमात तिच्या जवळपास कोणी फिरकलं नाही. ती संघात आली. झाडाखालच्या आकड्यांमुळे वगळली गेली असती अशी आणखी दोन मुलंही आली, आणि त्यांच्या आयांनी भिंगरी, लंबू आणि शंकासूर यांना घरी बोलावून पोटभर खाऊ घातलं.

सरावाच्या पहिल्या सकाळी कोचसर स्पीड गन घेऊन आले, पण त्यांनी ती लगेच सुरू केली नाही. रांगेतल्या प्रत्येकासमोर थांबून ते आधी एकच विचारत होते, "हात कसा आहे?"

भिंगरीची पाळी आली. शेजारी उभ्या असलेल्या लंबू आणि शंकासुराकडे तिने एकदा डोळे भरून पाहिलं.

"छान आहे सर," ती म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.